ज्येष्ठमधाची काडी

एका जंगलात एक शाळा होती.

पोरांनो, आधीच सांगून ठेवतो, गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शपथ. मी स्वतः पहिल्या रांगेत बसून सगळं पाहिलंय. आता तुम्ही विचाराल, काका, तुम्ही जंगलात कधी गेला होतात? तर नाही गेलो. मला डास चावतात. पण ज्याने मला सांगितली तो पहिल्या रांगेत होता. निदान दुसऱ्या तरी. आता मध्ये बोलायचं नाही.

तर शाळा होती तळ्याकाठी, मोहाच्या मोठ्या झाडाखाली. शिकायला चितळांची पाडसं, सशांची पिल्लं आणि रानडुकरांची दांडगट कार्टी. मुख्याध्यापक होता गवा. अंगाने डोंगराएवढा, पण मान कायम खाली. मान खाली का? तर शाळा ज्या संस्थेची होती, त्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. आणि आबासाहेब म्हणजे वाघ.

वाघाने शाळा का काढली, असं विचारायचं नसतं. समाजकार्याची आवड. मुलं रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, रांगेत बसलेली पाहिली की त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. तोंडालासुद्धा.

अधूनमधून एखादं पाडस शाळेतून कमी व्हायचं. दाखला न घेता. मग गवा सर हजेरी घेताना त्याचं नाव गाळायचे, जरा खाकरायचे आणि पुढचं नाव पुकारायचे.

त्या मोहाच्या झाडावर शेवंता नावाची वानरीण राहायची. ती काही शिकलेली नव्हती. तिला एकच काम यायचं. गवतात पिवळं काही हललं, की ती शेंड्यावरून ओरडायची, "खॅक्! खॅक्!" आणि खाली पाडसं शेपट्या वर करून पसार. तिची आई हेच करायची, आजीही हेच करायची. वानरांनी वरून पाला टाकायचा आणि लक्ष ठेवायचं, चितळांनी खाली चरायचं, असा तो जुना शेजार होता.

आबासाहेबांना त्या आवाजाने फार त्रास व्हायचा. कित्येकदा ते उपाशी झोपायचे. शेवटी त्यांनी संस्थेची सभा बोलावली.

"गवा सर, या ओरडण्याने मुलांच्या कोवळ्या मनावर केवढा ताण येतो! किती कोवळी असतात हो मुलं!" आबासाहेबांनी ओठ चाटले. "शाळेला समुपदेशक हवा."

"हवाच, साहेब. कुणाला नेमू?"

"त्या वानरिणीलाच नेमा. मुलांचा तिच्यावर विश्वास आहे."

पोरांनो, याला म्हणतात दूरदृष्टी.

शेवंताला काय आनंद झाला म्हणून सांगू! काल जी 'ए शेवंते' होती, ती आज 'शेवंताबाई' झाली. गळ्यात ओळखपत्र आलं. ते तिने तळ्यात वाकून वाकून पाहिलं. मग तिला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला होता कोल्हा. जंगलातला नावाजलेला तज्ज्ञ. कशातला, ते अजून ठरायचं होतं.

कोल्हा म्हणाला, "बाई, समुपदेशक घाबरवत नाही. समुपदेशक सल्ला देत नाही. समुपदेशक फक्त ऐकतो आणि मान डोलावतो. डोलवा बघू."

शेवंताने मान डोलावली.

"वा! पण नुसती मान डोलवा. झाडावर असल्यासारखं अंग नका हलवू."

"साहेब, आणि गवतात काही दिसलं तर?"

"ते तुम्हाला दिसलं. मुलाला काय वाटतं, ते महत्त्वाचं."

"पण ओरडणं आपोआप येतं हो. आधी घशात खाज सुटते, मग ते थांबत नाही."

कोल्ह्याने पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढली. "खाज सुटली की ही चघळायची. घसा मऊ राहतो. माणूसही मऊ राहतो."

"मी वानर आहे, साहेब."

"तेच ते."

शेवंता परत आली, तर तिला झाडावर चढायची बंदी. समुपदेशकाने मुलांच्या पातळीवर यावं म्हणे. तिला एका कपारीत कक्ष दिला. दारावर पाटी लावली, 'मनमोकळं बोला'. पाटीच्या शेजारीच गवा सर दिवसभर रवंथ करत बसायचे, म्हणून कुणी बोलायचं नाही. कपारीतून तळं दिसायचं नाही, गवत दिसायचं नाही. दिसायचं ते समोरच्या दगडावर रंगवलेलं हसरं फूल.

शिवाय शाळेची घंटा बाईंनी वाजवायची. रजेवरच्या शिक्षकांचे तास बाईंनी घ्यायचे. संमेलनातला सशांचा नाच बाईंनी बसवायचा. उरलेल्या वेळात मुलांची मनं.

एके दिवशी गवा सर पाणी प्यायला गेलेले पाहून एक पाडस कपारीत घुसलं. तिचं नाव ठिपकी. 

"बाई, गवतात वाघ आहे."

शेवंता दचकली. मग तिला प्रशिक्षण आठवलं. तिने मान डोलावली. "गवतात वाघ आहे, असं तुला वाटतं."

"वाटत नाही, बाई. आहे."

"म्हणजे तुला तशी खात्री वाटते."

"बाई, मी पट्टे पाहिले!"

"हं. पट्टे पाहून तुला कसं वाटलं?"

ठिपकी म्हणाली, "तुम्ही आधी वरून ओरडायचात, तेव्हा असं काही विचारायचा नाहीत."

हे शेवंताला लागलं. पण ती पडली प्रशिक्षित. ती म्हणाली, "डोळे मीट बाळ, आणि खोल श्वास घे. अजून खोल. आता कसं वाटतंय?"

"खोल श्वास घेतला की वास जास्त येतो, बाई."

शेवंतानेही श्वास घेतला. वास येत होता. ओळखीचा, उग्र. तिच्या घशात खाज सुटली. तिने घाईघाईने काडी तोंडात धरली आणि चघळत राहिली. ठिपकी थोडा वेळ वाट बघून निघून गेली.

त्या दिवशी ठिपकीच्या मागच्या रांगेतलं एक पाडस कमी झालं. गवा सर दुसऱ्या दिवशी खाकरले.

शेवंता त्यांच्याकडे गेली. "सर, ती ठिपकी खरं सांगत होती. वास मलाही आला."

"तुम्हालाही?" गवा सरांनी रवंथ थांबवला. "बाई, तुम्हीच घाबरायला लागलात तर तुम्हाला कुणाकडे पाठवू? हे बघा, आबासाहेब शाळेच्या भेटीला येतायत. त्यांच्या भेटीनंतर तुम्हाला कायम करायचं चाललंय. आणि हो, ठिपकीचं नाव काढलंत ते बरं झालं. तिची भीती तुम्ही घालवलीत, असं आपण साहेबांना दाखवू. पुष्पगुच्छ तीच देईल."

"कुणाला?"

"आबासाहेबांना. दुसऱ्या कुणाला? भीतीला सामोरं जायचं असतं, हे तुम्हीच शिकून आलात ना?"

शेवंताने तोंड उघडलं. मग 'कायम' हा शब्द तिच्या डोक्यात फिरला आणि तोंड आपोआप मिटलं.

भेटीचा दिवस उजाडला. गवत आणि शाळा यांच्या मधली मोकळी जागा झाडून काढली होती. मुलं रांगेत. सशांचा नाच झाला. सशांचे पाय नाचात नव्हतेच, पळायच्या तयारीत होते, पण लांबून ते शोभलं. आबासाहेब उंच दगडावर बसले होते. सभ्यपणे. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

गवा सर म्हणाले, "आता आमची गुणी विद्यार्थिनी साहेबांचं स्वागत करील. पूर्वी ही फार भित्री होती. आमच्या समुपदेशक बाईंनी तिला बदललं."

टाळ्या पडल्या. कोल्ह्याने जोरात वाजवल्या.

ठिपकी तोंडात पळसाच्या फुलांचा गुच्छ धरून निघाली. एक पाऊल टाकलं आणि मागे वळून शेवंताकडे पाहिलं. शेवंताने मान डोलावली. आणखी एक पाऊल, आणखी एकदा मागे. शेवंताने पुन्हा मान डोलावली. तोंडात काडी होती. घशात आग लागली होती. आबासाहेबांनी पुढचा पंजा हळूच उचलला. त्यांचं ढुंगण किंचित हललं. असं ते कधी हलतं, हे वानराच्या जातीला जन्मापासून माहीत असतं.

शेवंताने काडी थुंकली.

"खॅक्! खॅक्! खॅक्!"

एका उडीत ठिपकी बोरीच्या जाळीपलीकडे. शेपट्या वर, खुरांची धूळ, सगळी शाळा रिकामी. दगडासमोर उरला तो पुष्पगुच्छ.

चौकशी झालीच.

"बाई, चांगल्या कार्यक्रमाचा विचका केलात," गवा सर म्हणाले.

"सर, त्यांनी पंजा उचलला होता!"

"आशीर्वाद द्यायला."

"जबडा उघडला होता!"

"दोन शब्द बोलायला. बाई, तुम्हाला सगळ्यात वाईटच दिसतं. असल्या नजरेने मुलं कशी घडायची?"

पाडसांच्या आयासुद्धा तक्रार घेऊन आल्या. पोरांनो, ऐका हं. त्यांचं म्हणणं, ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरांचं एवढं पळणं झालं, अभ्यास बुडाला, ठिपकीचा तर फोटोही नाही आला.

शेवंताचं ओळखपत्र काढून घेतलं. 'मुलांमध्ये भीती पसरवणे' हा ठपका. तिच्या जागी नवे समुपदेशक आले, अजगर गुरुजी. शांत स्वभाव. आवाज म्हणून नाही. घाई म्हणून नाही. मुलांना जवळ घ्यायची विलक्षण हातोटी, आणि तीही हात नसताना. जे मूल एकदा त्यांच्या कक्षात गेलं, त्याची पुन्हा एकही तक्रार आली नाही. आया म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात समुपदेशक."

तात्पर्य : ज्याचा आवाज शाळेबाहेर ऐकू जातो, तो समुपदेशक कच्चा. पक्क्या समुपदेशकाच्या कक्षातून आवाज तर सोडाच, मूलही बाहेर येत नाही.

आता झोपा. काय म्हणता? शपथ घेतली होती, म्हणून सगळं खरं का? बरं, सांगतो. आबासाहेब खरे. गवा सर खरे, अजगर गुरुजी तर अगदी खरे. एकच तुकडा मी पदरचा घातला. शेवंता ओरडली, तो. तुम्ही लहान आहात, तुम्हाला झोप लागायला हवी, म्हणून घातला.

तिने काडी थुंकली नाही. चघळत राहिली, मान डोलावत राहिली. कार्यक्रम वेळेत संपला, आभारप्रदर्शनही झालं. ती कायम झाली, आणि आता कोल्ह्याच्या हाताखाली इतर वानरांना शिकवते. म्हणून तर अजगर गुरुजींना जागा मिळाली.

पुष्पगुच्छाला मात्र ओरखडाही आला नाही.