ब्याण्णव गुणांचा पिक्चर

"सत्तावीस मारामारीचे, एकोणीस नागिणीचे, अकरा भुताचे! आन् माणसानं पाहावा असा एक न्हाई! उत्तमसिंग, हे दुकान हाय का काय हाय?"

वसमतच्या बसस्टँडमागच्या व्हिडिओ लायब्ररीत अमृतराव सर भर गिऱ्हाइकांत ओरडले. सगळ्या कॅसेटी त्यांनी स्वतः फळीवरून काढून मोजल्या होत्या आणि परत लावल्या नव्हत्या.

अमृतराव सर हायस्कुलात मराठी शिकवत. वीस वर्षं दहावीचे पेपर तपासून तपासून त्यांची अशी गत झाली होती की समोर येईल त्याला ते शंभरपैकी गुण देत. लग्नातल्या जेवणाला, पुढाऱ्याच्या भाषणाला, बायकोच्या वरणाला. भागूबाईंचं वरण सतरा वर्षांत बासष्टच्या वर गेलं नव्हतं, आणि त्याचं वाईट भागूबाईंपेक्षा सरांनाच जास्त वाटे.

"इतकं काहून चिडून राहिले, सर? तुमीच सांगा ना लोकायला, काय पाहावं ते," उत्तमसिंग म्हणाला. सरांनी घरी जावं एवढाच त्याचा हेतू होता. पण दुसऱ्या दिवशी सर शाळेतला बाद झालेला फळा सायकलच्या कॅरिअरला बांधून हजर! दुकानाच्या दारात खिळा ठोकून त्यांनी तो टांगला. वर 'या आठवड्याची शिफारस', खाली पिक्चरचं नाव, गुण आणि दोन ओळींचा शेरा.

नियम एकच. पिक्चर पूर्ण पाहिल्याशिवाय गुण नाहीत. "पेपर न वाचता मार्क देनारा मास्तर मी न्हाई," असं ते सांगत. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगत.

आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. गावाच्या भल्यासाठी एक माणूस घरच्या व्हीसीपीपुढे बसून डोळे फोडून घेतो, आपले रविवार घालवतो, आणि गावाने काय करावं? सरांनी नऊ गुण दिलेल्या पिक्चरसाठी रांग लावावी आणि एकाहत्तरवाल्यावर धूळ बसू द्यावी! सर भडकले. शाळा सुटली की ते फळ्याशेजारी उभे राहू लागले. गिऱ्हाइकाच्या हातातली नागीण काढून घ्यायची आणि तिथे शिफारस ठेवायची. "हे पाहून तुमच्या लेकरायचं काय भलं होनार हाय?" असं त्यांनी एका टेम्पोवाल्याला विचारलं. त्याचं अजून लग्नसुद्धा झालं नव्हतं. तो रागारागाने नाक्यावरच्या दुसऱ्या लायब्ररीत गेला आणि त्याच्या मागोमाग आणखी पाच-सात जण गेले.

सरांना गप्प करायला उत्तमसिंगने कपाटाच्या तळातून एक कॅसेट काढली. तिचं लेबल उंदरांनी खाल्लेलं होतं. "हा न्या सर. कोनीच नेत न्हाई. लई सीरियस हाय."

त्या रविवारी सरांनी तो पिक्चर पाहिला आणि ते पार हलून गेले. दुष्काळी गाव, मुका नायक, त्याची म्हातारी आई. नायक चालतो, बसतो, म्हशीकडे पाहतो. दोन तास कोणी कोणाला थोबाडीतसुद्धा मारत नाही. शेवटी तो एका कोरड्या विहिरीच्या काठावर येतो, आत वाकतो, त्याचे डोळे विस्फारतात, आणि पडद्यावर नुसत्या खरखरणाऱ्या मुंग्या. सर त्या मुंग्यांकडेही पाच मिनिटं पाहत बसले.

"अहो, संपला त बंद करा की. लाइट जळून राहिली," भागूबाई म्हणाल्या.

"तुला न्हाई कळायचं. शेवट त्यानं आपल्यावर सोपवला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर झळकलं: 'मुका नायक आणि विहीर. ब्याण्णव गुण. विहिरीत काय होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.' दहावीच्या पेपरातही त्यांनी कधी कोणाला ब्याण्णव दिले नव्हते.

गावाने मनाला विचारलं नाही आणि उत्तमसिंगलाही विचारलं नाही. आठवड्याने उत्तमसिंग म्हणाला, "सर, फळा काढावं म्हन्तो. धंदा बसून राहिला."

सरांना ते फार लागलं. वर्गात पोरं ऐकत नव्हती, घरात वरण सुधारत नव्हतं. या एका फळ्यापुढे मात्र माणसं थांबून वाचत होती, निदान हसायला तरी. "एक रविवार दे मला," ते म्हणाले. "आख्ख्या गल्लीला माझ्या अंगनात हा पिक्चर दाखवतो. लोक शेवटपर्यंत बसले त फळा राहील. उठून गेले त मी माझ्या हातानं खिळा उपटीन."

"कबूल," उत्तमसिंग जरा जास्तच लवकर म्हणाला. त्या कॅसेटबद्दल त्याला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याने सांगितली नाही. भल्या माणसाला असं तोंडघशी पाडायचं, हा कुठला न्याय?

रविवारी सकाळी अकराला टीव्ही ओसरीत आला, उन्हाला आडवी सतरंजी बांधली गेली. पिक्चर फुकट आणि वर भागूबाईंचा चिवडा, म्हणून चाळीसेक माणसं जमली. उत्तमसिंग दुकानाला कुलूप लावून साक्षीला आला. सर फाटकाची कडी धरून उभे राहिले.

अर्ध्या तासात जांभया सुरू झाल्या. शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "सर, ह्या मुक्याला कोनी डाक्टरला काहून दाखवत न्हाई?"

"शांत बसा!"

मागून एक जण उठला. "सर, म्हशीला पानी दाखवून येतो."

"आधी पडद्यावरची म्हैस पाहा! बसा खाली!"

तो बसला. सगळेच बसले, कारण फाटकात सर होते. पण विहीर आली तशी गोष्ट बदलली. नायक काठावर आला, वाकला, आणि चाळीस माणसंही बसल्या जागी वाकली. त्याचे डोळे विस्फारले. मुंग्या!

अंगणातलं एकही माणूस उठलं नव्हतं. सरांनी उत्तमसिंगकडे एक जळजळीत नजर टाकली आणि ते टीव्हीपुढे आले. "मंडळी, काय होतं त्या विहिरीत?"

"दुसरी कॅसेट लावा ना, दिसंल," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"दुसरी म्हंजे?"

"इंटरवल झाला ना आता?"

"इंटरवल?" सर ओरडले. "पंचफुलाबाई, हा शेवट हाय! मोठ्या कलेचा शेवट असाच असते!"

"माय तिकडं म्हशीपाशी, हा इकडं विहिरीवर, आन् शेवट?"

उत्तमसिंग आपल्या चपला न्याहाळत होता. तेवढ्यात फाटक वाजलं. सिद्धेश्वरच्या धरणाची मासळी वसमतला आणून विकणारा भीमसिंग आत आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट होती आणि वर्तमानपत्राला मासळीचा वास होता.

"दुकान बंद करून इथं बसला व्हय, उत्तमसिंग? फळा वाचला म्या. मुका मानूस, विहीर. आरं, ह्याचाच मागचा तुकडा दीड सालापासून माझ्या घरी पडून हाय! पहिला देल्याबगर दुसरा देनार न्हाई, असं सांगितलं होतं का न्हाई तुला?"

"आन् दुसरा आनल्याबगर पहिला देनार न्हाई, असं मी सांगितलं होतं!" उत्तमसिंग उसळला. "गर्दीत चुकून दुसरीच कॅसेट गेली तुझ्या हाती. त्यात माझी काय चूक?"

सर खुर्चीत बसले.

"उत्तमसिंग," ते म्हणाले, "तू मला अर्धा पेपर तपासायला देला?"

"तुमी विचारलं न्हाई, सर."

"चाळीस लोकायपुढं! ब्याण्णव मार्क! अर्ध्या पेपराला!" सरांनी टीव्हीचं बटण बंद केलं. "उठा सगळे! जा घरी!"

आता मात्र कोणीच उठेना. "लावा, लावा!" असा एकच गलका झाला. पंचफुलाबाईंनी स्वतः उठून बटण दाबलं आणि भीमसिंगने कॅसेट सरकवली. सर स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. बाहेर शिट्ट्या, टाळ्या, हाणामारी. पाऊण तासाने भागूबाई चहा घेऊन आल्या.

सरांनी मान न वळवता हळूच विचारलं, "काय होतं विहिरीत?"

"घोडा."

"घोडा? कोरड्या विहिरीत?"

"पांढरा. त्याच्यावर बसून गॉगल लावून वर आला तो. बोलाया बी लागला."

सरांनी चहा घेतला नाही.

बाहेर चाळीसच्या चाळीस माणसं शेवटच्या पाटीपर्यंत बसली. अट अटच असते, उत्तमसिंगला फळा ठेवावाच लागला. सोमवारी त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: 'पहिली कॅसेट: ब्याण्णव. दुसरी कॅसेट: तपासणी न झाल्याने निकाल राखून ठेवला आहे.' नियम तो नियम, म्हणून संध्याकाळी सर दुसरी कॅसेट घेऊन गेले. मंगळवारी फळ्यावर आलं, 'दुसरी कॅसेट: बारा.' बुधवारी ते ती पुन्हा घेऊन गेले. शुक्रवारी पुन्हा मागायला आले.

"सर," उत्तमसिंग म्हणाला, "बारा मार्काच्या पेपरची किती बार पुनर्तपासनी करून राहिले?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि कॅसेट घाईने पिशवीत टाकली. "घोडा आत गेला कसा, ते अजून सापडलं न्हाई," ते म्हणाले.

"पहिल्यात बी न्हाई, सर," मागून आवाज आला. रविवारीच नेलेली पहिली कॅसेट परत करायला भीमसिंग उभा होता. "दोनदा पाहिला म्या. दीड सालापासून इचार करून राहिलो, पहिल्यात असंल, पहिल्यात असंल. नुसती म्हैस हाय!"

सरांनी भीमसिंगच्या हातातली कॅसेट घेतली आणि तीही पिशवीत टाकली.

"चला घरी," ते म्हणाले. "दोन्ही सलग लावून पाहू."