कानशिलावरचा राजा

अख्ख्या मुळशीची डोकेदुखी चौथाई किमतीत घालवायची, असा बेत या जगात पहिल्यांदा मी केला! पुतळा अजून उभारलेला नाही, पण माझी घाई नाही.

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. मी पौडला एका डॉक्टरांकडे कंपौंडर होतो. त्या वेळी डोकेदुखीवर एकच दैवत होतं, ‘मस्तकराज’! लाल चकचकीत कागदातली पुडी, कागदावर मुकुटवाला राजा, किंमत दोन आणे. आणि आत काय? मी रोज दवाखान्यात खलात घोटायचो, तीच पांढरी पावडर!

डॉक्टरांची परवानगी काढली आणि तडक इस्माईलभाईंच्या दुकानात गेलो. मस्तकराज तेच विकायचे.

“हीच पावडर मी दोन पैशांत देतो!” मी गर्जलो. “महिन्याभरात तुमचा राजा गादीवरून खाली!”

इस्माईलभाई तंबाखू मळत म्हणाले, “आन् न्हाई उतरला तर?”

“तर त्याचीच पाटी डोक्यावर घेऊन भर बाजारात ओरडत विकीन!”

दुकान माणसांनी भरलेलं होतं. अशा वेळी तोंडाला कुलूप घालणारं औषध अजून निघालेलं नाही.

मी वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधल्या. पहिल्या बाजारी दोनच खपल्या. त्यातली एक मीच घेतली, बोहणी म्हणून. दुसरी नेली भुकूमच्या तुळजाबाईनं, आणि पुढच्याच बाजारी ती तावातावानं दवाखान्यात हजर!

“कंपौंडरदादा, तुमची पुडी खोटी हाय!”

“डोकं थांबलं नाही?”

“थांबलं की! लगीच थांबलं!”

“मग?”

“मला कुटं थांबाया मिळालं? सासू म्हनली, रद्दीच्या कागदातलं दुखनं काय दुखनं व्हय? चल चिखलात!”

मग उलगडा झाला. पुडी पोटात गेली की आमच्याकडच्या बायका तो लाल कागद थुंकी लावून कानशिलावर चिकटवत. राजा कानशिलावर बसला की सासू समजायची, सुनेचं दुखणं दोन आण्यांचं आहे, आज तिला भातलावणीला ओढता यायचं नाही. दोन पैशांच्या दुखण्याला कोण विचारतो? असली औषधं स्वस्तात का निघत नाहीत, म्हणून शहाणी माणसं डोकं खाजवत बसतात. अहो, औषध निघालं होतं! अडलं होतं ते कागदापाशी!

“एवढंच ना?” मी म्हणालो. “आमचाही राजा बसवतो!”

पतंगाचा लाल कागद आणला. राजाचं चित्र मीच काढलं. ते थोडं आमच्या सासऱ्यांवर गेलं, पण मुकुट झकास जमला. त्या बाजारी दुपारच्या आत सगळ्या पुड्या संपल्या! इस्माईलभाईंची तंबाखू मळायची राहिली.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई कानशिलावर माझा राजा लावून लावणीतून सुटली. पण पाण्याला तर जावंच लागतं! वाटेत पावसानं गाठलं. आणि मुळशीचा पाऊस पतंगाच्या कागदाची काय पत्रास ठेवतो? राजा विरघळला आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत लालभडक ओघळ! तेवढ्यात भूगावचा, म्हणजे तिच्या माहेरचा, कोणीतरी तिथून चालला होता. तो घागरीकडे न बघता ओघळ बघून माघारी पळाला.

तासाभरात तिचे वडील हैबतराव काठ्या घेतलेली भावकी घेऊन भुकूमला दारात!

“सगुणाबाई, पोरीचं टकुरं फोडलंत?”

“आवं, म्या बोट बी लावलं न्हाई!” सासूबाई किंचाळल्या.

“मंग ह्ये लाल कुनाचं?”

“कंपौंडरचं!” तुळजाबाई म्हणाली.

झालं! सगळ्या काठ्या पौडच्या दवाखान्याकडे वळल्या, मागून सून, त्यामागून सासू. मी पतंगाचा कागद पेल्यातल्या पाण्यात बुडवून दाखवला. पाणी लाल झालं. हैबतरावांनी बोट बुडवून हुंगलं.

“म्हंजी रंग हाय निस्ता?”

“होय.”

“आन् आमी एवढं बोंबलत आलो, ते फुकट?”

“डोकं थांबलं होतं हो तिचं...”

“तिचं थांबलं, आमचं उठलं!” असं म्हणत हैबतराव भावकीसकट समोरच्या इस्माईलभाईंच्या दुकानात शिरले आणि माणशी एक मस्तकराज घेऊन गेले! जाताना सगुणाबाईंनीही एक घेतली आणि तिथल्या तिथं राजा कानशिलावर बसवला. सून बघतच राहिली.

माझा लाल कागद कोणी फुकटही घेईना. महिना भरला. बोलल्याप्रमाणे पाटी डोक्यावर घेतली आणि बाजारभर ओरडलो, “मस्तकराज घ्या, मस्तकराज!” ओरडून ओरडून माझंच डोकं फुटायची वेळ आली. गुपचूप खिशातली माझी रद्दीवाली पुडी खाल्ली. घरी पोचेपर्यंत डोकं शांत!

“आलात?” चुलीपुढून ही म्हणाली. “दोन घागरी आणा, मग सरपण फोडा.”

“अगं, डोकं दुखत होतं...”

“होतं ना? मग आता काय झालं?”

मी तसाच माघारी वळलो, इस्माईलभाईंकडे गेलो, दोन आणे टाकले. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता पुडी पुढे केली. माणूस सभ्य होता. कानशिलावर राजा चिकटवून पुन्हा उंबऱ्यात उभा राहिलो.

“अगंबाई! एवढं दुखतंय? आणि आधी बोलायचं नाही? पडा बघू!”

उशी आली, पाठोपाठ आल्याचा चहा आला. सरपण शेजाऱ्यानं फोडलं.

त्या पुडीतली पावडर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बरणीत ओतली. आमच्या पावडरीत ती अशी मिसळली की कुठली कुठे गेली, मलाही ओळखू येईना. कागद मात्र जपून ठेवला. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी पुन्हा उपयोगी पडला.