लवंगेचा पुरावा

आमच्या समोरच्या दारातले सर पदार्थ चाखून तो कुणी केलाय ते सांगायचे. जुईनगरचं स्टेशन तेव्हा नवंकोरं होतं आणि बिल्डिंगमधल्या बायकांना दुसरी करमणूक नव्हती. झाकलेली वाटी न्यायची, दारात उभं राहायचं. सर एक घास घ्यायचे, डोळे मिटायचे. "मीठ मागाहून घातलंय, घाईत. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई." बरोबर निघायचं.

त्यांचा उद्योगच तसा होता. कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या मासिकांत लोक बिननावाच्या कविता छापायचे म्हणे. त्या कुणी लिहिल्या, ते सर इथे दोन खोल्यांत बसून शोधायचे. एका कवितेला एक कार्ड. कार्डं चपलांच्या खोक्यांत. खोकी पलंगाखाली, कपाटावर, देव्हाऱ्याखालीसुद्धा. एकावर लिहिलं होतं, 'संशयित'. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, पोलिसांचं काही असेल.

एकदा मी म्हटलं, "सर, ज्याला नाव द्यायचं नव्हतं, त्यानं नाही दिलं. मेला बिचारा. तुम्ही कशाला मागे लागलाय?"

"आक्का, त्याचं दुसऱ्याच्या नावावर खपतं हो."

"खपू दे. नाव लागलं म्हणून त्याला पेन्शन मिळणार आहे का?"

त्यांची बायको कुमुद आतून म्हणाली, "माझं नाव विचारून बघा त्यांना. कार्ड शोधत बसतील."

म्हाताऱ्या घोड्यावरची एक कविता होती. तिच्यापायी सरांची दोन वर्षं गेली. ती आपल्या लाडक्या कवीची निघावी असं त्यांना फार वाटे. ओळी तशाच, यमकं तशीच. पण त्या कवीनं जन्मात न वापरलेला एक शब्द तिच्यात सापडला. कार्ड संशयितांत गेलं. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

"एका शब्दाचं काय एवढं? लावून टाका नाव," कुमुद म्हणाली.

"पुरावा नसेल तर नाव लावायचं नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून कान किटायचे.

आम्ही दोघींनी त्यांना एकदा फसवून पाहिलं. कुमुदच्या बरणीत माझं लिंबाचं लोणचं भरलं आणि त्यांच्या पानात वाढलं. सरांनी बोटानं चाटलं. "लवंग आहे. कुमुद लवंगेला हात लावत नाही. आक्कांचं." कुमुद दिवसभर मिरवत होती.

पुढे कुमुद गेली. काविळीचं निमित्त झालं.

सरांनी कार्डं लिहिणं सोडलं. कुणी वाटी नेली तर झाकण न काढता परत करायचे. एक दिवस कुमुदची बरणी घेऊन माझ्या दारात आले. आतून खरवडून खाल्लेली.

"आक्का, तिनं दिलेलं लोणचं आहे का थोडं? एखादी फोड?"

सगळी दारं वाजवून आले होते. कुणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. लोणचं लोक खाण्यासाठी घेतात.

"बघते," मी म्हटलं.

लिंबं आणली. कुमुद घालायची तसं घातलं. आमचं साताऱ्याचं तिखट नाही, साखर सढळ. चांगलं मुरू दिलं आणि सर जेवायला बसले तेव्हा वाटी घेऊन गेले. तोंडानं काही बोलले नाही. कुणाचं ते सांगणं त्यांचं काम.

सरांनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले. जरा वेळानं तोंडातून काहीतरी बोटावर काढून घेतलं. लवंग. माझ्या हातानं सवयीनं टाकली होती आणि मला पत्ता नव्हता. आता माझं नाव येणार म्हणून मी खाली बघत बसले.

सरांनी लवंग हळूच ताटाखाली सरकवली.

"कुमुदचं आहे," म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

मग भात कालवला आणि वाटी पुसून घेऊन सगळं जेवले. मी ताट उचलायला वाकले, तर त्यांनी ते हातानं दाबून धरलं.

"राहू द्या, आक्का. मी उचलतो."