विश्लेषकांनी चष्मा काढला तेव्हा

कोणतीही वस्तू चांगली की वाईट, याचा निःपक्षपाती निवाडा ती वस्तू कधीही न वापरलेला माणूसच करू शकतो. वापरणाऱ्याचं मन कलुषित झालेलं असतं. त्याला तिचा उपयोग तरी झालेला असतो किंवा मनस्ताप तरी, आणि दोन्ही गोष्टी संशोधनाला घातक. या तत्त्वावर बाजारातल्या सॉफ्टवेअरची प्रतवारी करणारे विश्लेषक उभे आहेत, आणि विश्लेषकांची मर्जी सांभाळण्यावर मी उभा आहे. मी आमच्या कंपनीचा विश्लेषक-संपर्क अधिकारी. (कंपनी भावजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. निवड गुणवत्तेवरच झाली. मुलाखतीला मी एकटाच होतो.)

आम्ही रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. भांडारातलं एखादं औषध संपत आलं की ते घंटी वाजवतं. नाजूक टिंगटिंग नव्हे. कोणीतरी उठून औषध मागवेपर्यंत डोकं उठवणारी घंटी. ती ताईने बनवली. आमच्या आईला एक इंजेक्शन द्यायचं होतं आणि ते भांडारात संपलंय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेरून आणेपर्यंत आई थांबली नाही. ताई घरी आली आणि सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

छोट्या रुग्णालयांतले लोक घंटीला शिव्या घालत आणि औषधं वेळेवर मागवत. पण धंदा त्यावर चालेना. मग शहरातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाचे खरेदी अधिकारी म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर उत्तमच आहे हो. पण तुम्ही वर्तुळात कुठे आहात?"

वर्तुळ दरवर्षी विश्लेषकांच्या अहवालात छापून येतं. काही कंपन्या आत, काही काठावर, बाकीच्या बाहेर. बाहेरच्यांनी चांगली वस्तू बनवायला बंदी नाही. फक्त ती कोणी घेत नाही. खरेदी अधिकारी काही मूर्ख नव्हते. "उद्या बिघडलं तर मला विचारतील, हे का घेतलंत? वर्तुळातलं घेतलं की विचारत नाहीत," असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ही ऑर्डर गेली तर कंपनी बंद करावी लागेल, हे भावजींनी जेवताना जाहीर केलं, आणि पाठोपाठ भाजीत मीठ कमी असल्याचंही.

तेव्हा मी कामाला लागलो. विश्लेषकांशी संपर्क हे शास्त्र आहे. ब्रीफिंग नावाच्या बैठकीत विक्रेत्याने बोलावं, विश्लेषकांनी ऐकावं. त्यांचं मत हवं असल्यास वर्गणी भरावी. (वर्गणीचा आणि वर्तुळाचा काहीही संबंध नाही, असं वर्तुळाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. संबंध नसलेल्या इतर गोष्टींबद्दल मात्र तसं छापत नाहीत.) आपल्या वस्तूला 'चांगली' म्हणू नये, कारण चांगलेपणा मोजता येत नाही, 'सर्वसमावेशक' म्हणावं. तेही मोजता येत नाही, पण शब्द लांब आहे. विश्लेषकांनी विनोद केल्यास हसावं. विनोद आहे की नाही याची खात्री नसेल तर टिपून घ्यावं.

ब्रीफिंग व्हिडिओवर झालं. पलीकडे एकच विश्लेषक होते. ताईने डेमो दाखवला. घंटी वाजली, आणि नेमक्या त्याच क्षणी विश्लेषकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. आभार मानून ते निघून गेले.

यावर आम्ही तातडीने अभ्यासगट नेमला. रेकॉर्डिंग हळू करून पाहिलं. साठ टक्के सदस्यांच्या मते ती नाराजी होती, तीस टक्क्यांच्या मते तीव्र नाराजी. उरलेले दहा टक्के, म्हणजे आमचे हिशेबनीस, म्हणाले, "चष्मा खराब झाला असेल." हे मत अतांत्रिक असल्याने नोंदवलं नाही. शिवाय 'वापरकर्त्याला त्रास न देणाऱ्या उत्पादनांचाच काळ येतोय,' असं विश्लेषकांनी एका लेखात म्हटलेलं सापडलं. घंटीचा निकाल लागला.

"त्रास द्यायलाच तर आहे ती," ताई म्हणाली.

"अगं, काढून कुठे टाकतोय?" भावजी म्हणाले. "सेटिंगमध्ये आहेच की. ज्याला हवी तो चालू करेल."

"औषध संपलंय हेच ज्याला माहीत नाही, तो कशाला चालू करेल?"

या प्रश्नासाठी भावजींनी स्वतंत्र बैठक ठेवली. (ती अद्याप झालेली नाही.) घंटीच्या जागी पडद्याच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका आला. त्याला आम्ही 'मौन दक्षता' असं नाव दिलं. पुढच्या ब्रीफिंगमध्ये विश्लेषकांचा चष्मा शेवटपर्यंत नाकावर राहिला. आम्ही वर्तुळात गेलो, तेही थेट आत. ऑर्डर मिळाली. ऑफिसात केक कापला. ताईने तिचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली.

आभार मानायला मी विश्लेषकांच्या कचेरीत गेलो. माणूस खरोखर सज्जन. चहा आला. त्यांनी कप तोंडाशी नेला, वाफेने काचा धुरकटल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गरम चहाचं हे असंच," ते म्हणाले. "बरं, पहिल्या वेळी तुमची ती घंटी होती ना? एवढ्या सगळ्या डेमोंमध्ये तेवढीच लक्षात राहिली होती. या वेळी ऐकू नाही आली?"

"सुधारणा केली," मी म्हणालो.

"अरे वा," म्हणून त्यांनी ते टिपून घेतलं.

संध्याकाळीच मी ताईला आणि भावजींना सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता चालू करा ती." भावजींनी अहवाल उघडून पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "अहवालात आपल्याला सर्वांत शांत उत्पादन म्हटलंय. आता आवाज केला तर पुढच्या वर्षी बाहेर फेकतील. पुढचा अहवाल येऊ दे, मग बघू." त्यांचंही चुकत नव्हतं. पगार त्यांनाच द्यायचे असतात.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. तुम्ही शहाणे, असल्या वर्तुळांच्या नादी लागत नाही. तुमच्या आईंना दाखल करायची वेळ आली तेव्हा तुम्ही नीट चौकशी केलीत, म्हणजे मोबाइल काढून यादी पाहिलीत. ते मोठं रुग्णालय पहिलं होतं, पावणेपाच तारे. औषध भांडारात डोकावून आलात का? नाही ना? कोण जातं! खालचे अभिप्राय मात्र तुम्ही सगळे वाचलेत, आणि त्यातला एक तर आईंना मोठ्याने वाचून दाखवलात, त्यांची भीती जावी म्हणून: तिथे अगदी शांतता असते.