अण्णांची अटक आणि नागपुरी भाजणी

गिरगावात ग्रॅनोला पहिल्यांदा मी केला, हा माझा दावा आजवर कुणी खोडून काढलेला नाही. खाल्ला मात्र फक्त एका हवालदाराने, तोही पोलीस चौकीत. हल्ली तो पाकिटात मिळतो आणि माझी नात वाटी पुढे करून, "आजी, हे काहीतरी नवीन आहे, खाऊन बघ," असं मला सांगते. ज्या पदार्थापायी माझे सासरे गजाआड जाऊन आले, तो मला कुणी शिकवू नये!

द्विभाषिकाचे, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात एकाच राज्यात कोंबल्याचे दिवस होते. मी नुकतीच लग्न होऊन नागपूरहून गिरगावातल्या चाळीत आले होते. सासरे, म्हणजे अण्णा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बेचाळीस साली नोकरी आडवी आली आणि त्यांचा तुरुंगवास हुकला. ती रुखरुख त्यांना आयुष्यभर होती. आता संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रहींच्या तुकड्या निघत होत्या आणि अण्णांनी एका तुकडीत नाव घातलं होतं. मरण्यापूर्वी एकदा तरी देशाच्या कामी अटक व्हावी, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी ते जमिनीवर झोपायला लागले होते आणि आमटीत मीठ कमी पडलं तरी कौतुकाने जेवत होते.

सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, अबोला धरला होता. अण्णांचं पोट नाजूक. तुरुंगातलं अन्न त्यांना सोसायचं नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि मग नवऱ्याशी बोलणंच टाकलं. "यांना चहा हवा का विचार," असं मला सांगायच्या. अण्णा समोरच बसलेले असायचे.

या सगळ्यात माझं मात्र छान चाललं होतं. अण्णांनी घरात फर्मानच काढलं होतं. विदर्भाशिवाय महाराष्ट्र पुरा होत नाही, तेव्हा जोवर राज्य मिळत नाही तोवर नागपूरच्या कुठल्याही गोष्टीला या घरात नावं ठेवायची नाहीत. मी "भाजी करून राहिले" म्हटलं की सासूबाईंचे ओठ हलायचे आणि परत मिटायचे. माझी तिखटजाळ भाजी खाऊन सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या, पण तक्रार नाही. इतक्या लाडात नांदलेली सून उभ्या गिरगावात नसेल.

तुकडी निघायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, अण्णांबरोबर टिकाऊ, पोटाला हलकं असं काहीतरी द्यायचं. नागपूरच्या आमच्या शाळेतल्या मिस परेरांनी लग्नात मला ओटचा डबा भेट दिला होता आणि ग्रॅनोला कसा करायचा तेही तोंडी सांगितलं होतं. त्यांच्याकडे भट्टी होती, माझ्याकडे स्टोव्ह आणि कढई. ओट खमंग भाजले. शेंगदाणे, तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, भोपळ्याच्या बिया, सगळं भाजून घातलं. वर तूप, मध आणि गुळाचा पाक. वासाने शेजारच्या मालनताई दोनदा दारावरून गेल्या. परातीत पसरून वर पंचा टाकला आणि मी नळावर धुणं घेऊन गेले.

सासूबाई देवळातून आल्या. परातीत भाजलेलं धान्य दिसलं. आता मला सांगा, आपल्याकडे बाई धान्य भाजते ते कशासाठी? भाजणीसाठी! आणि भाजणी भाजली की ती गिरणीत जाते. पोरीला अखेर अक्कल आली, सासऱ्याला थालीपिठं बांधून द्यायची म्हणते, या विचाराने त्यांना भरून आलं. हाताला चिकट लागलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण नागपूरकडे भाजणी अशीच करत असतील असं त्यांना वाटलं आणि नावं ठेवायला तर बंदी होती. त्यांनी सगळं दळणाच्या डब्यात भरलं आणि अण्णांच्या पुढ्यात काही न बोलता ठेवलं. अण्णांना तेवढं पुरे होतं. बायकोने आपल्या हाताने डबा दिला, याच आनंदात ते गिरणीवर गेले.

गिरणीवर चिक्कार गर्दी होती. सत्याग्रहींच्या शिदोरीसाठी वाडीतल्या घराघरातून भाकऱ्या जायच्या होत्या आणि सगळ्यांची ज्वारी रांगेत होती. अण्णा उद्याचे सत्याग्रही म्हणून बायकांनी त्यांना पुढे सोडलं. गिरणीवाल्या कुशाबाने डब्यात हात घातला.

"अण्णा, ह्ये वलं हाय."

"ओलं नाही, नागपुरी आहे."

"गिरण धरल की हो."

"कुशाबा," अण्णा म्हणाले, "आज नागपूरला नाही म्हणशील, तर उद्या महाराष्ट्र कसा एक होणार?"

कुशाबाने डबा ओतला. गिरणी घरघरली, कण्हली, जळका वास आला आणि पट्टा फटकन निसटला. गूळ, मध आणि तूप पोटात घेऊन जातं गच्च बसलं. वाडीची ज्वारी तशीच रांगेत.

पुढे उभ्या असलेल्यांना खरं काय ते दिसत होतं. मधल्यांना एवढंच कळलं की कुशाबाने दळण थांबवलं. रांगेच्या शेपटाशी बातमी पोचली ती अशी, की गिरणीवाला फितूर झाला, सत्याग्रहींचं पीठ दळत नाही! लगेच घोषणा सुरू झाल्या. रस्त्यावरचे लोक घोषणा ऐकून आत शिरले. जमावबंदी होतीच. पोलिसांची गाडी आली आणि सगळी गल्ली डबे टाकून पळाली.

अण्णा पळाले नाहीत. पोलीस आले की पळायचं नाही, हे त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. नखशिखांत पिठाने माखलेले, दोन्ही हात पुढे करून ते शांतपणे उभे राहिले. पोलिसांना तेवढा एकच माणूस मिळाला, तो त्यांनी नेला.

सासूबाई आणि मी चौकीत पोचलो तेव्हा हवालदार अण्णांना विचारत होता, "आजोबा, गुन्हा काय लिहू?"

"संयुक्त महाराष्ट्र."

"तो उद्या. आजचा सांगा."

अण्णांच्या बाहीला गुळात घोळलेला एक गोळा चिकटला होता. हवालदाराने तो पुरावा म्हणून काढला, हुंगला आणि तोंडात टाकला. पुरावा बरा लागला असावा, कारण त्याने दुसरा शोधला.

गजांमागे पांढऱ्याफटक अण्णांना बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी चला," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या होत्या! अण्णा लहान मुलासारखे खुलले, आणि मग पडेल आवाजात म्हणाले, "अगं, पण उद्या यांनी सोडलंच नाही तर माझी तुकडी जाईल." मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणसाने आयुष्यभर एका अटकेची वाट बघावी आणि ती ओटपायी हुकावी?

तेवढ्यात कुशाबा आला. आपली काही तक्रार नाही, जातं धुऊन निघेल, असं त्याने सांगितलं आणि संध्याकाळी अण्णा सुटले. दुसऱ्या दिवशी हार घालून, गुलाल उधळून आम्ही त्यांना तुकडीबरोबर पाठवलं. सासूबाईंनी स्वतः ओवाळलं. पोलिसांनी तुकडीला गाडीत भरलं, पार ठाणे शहराच्या पुढे नेलं आणि माळावर उतरवून दिलं. तुरुंगात म्हणे जागा नव्हती. तिन्हीसांजेला अण्णा चपला हातात घेऊन जिना चढले.

मग महाराष्ट्र झाला. चाळीने अटक झालेल्यांचा सत्कार ठेवला. अंगणात खुर्च्या, पताका, पेढे. एका खुर्चीवर अण्णांना बसवलं होतं. त्यांना कुठे आणि कशापायी पकडलं होतं, हे सबंध वाडीला ठाऊक होतं, पण कुणीही, अगदी मालनताईंनीसुद्धा, चकार शब्द काढला नाही. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा पहिली टाळी कुशाबाने वाजवली. अण्णांनी टोपी सारखी केली आणि हार घालून घ्यायला मान वाकवली. तशी माणसं आणि तशी चाळ आता कुठे राहिली?

मी पदराने डोळे टिपत होते. सासूबाई माझ्याकडे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू ते चिकट केलं नसतंस, तर यांना कोण पकडणार होतं?"

माझ्या स्वयंपाकाचं त्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक. महाराष्ट्र झालेला असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या भाजीला मोकळेपणाने नावं ठेवायला सुरुवात केली.