पंपाचा शिक्का

अंगावरची हळद ओली असते तेव्हा चकाकते. वाळू लागली की आधी तिच्या कडा फिकट होतात आणि मग कातडी जिथे दुमडते तिथे, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला, केसाएवढ्या भेगा पडतात. अबोलीने श्रुतिकाच्या कोपराकडे पाहिलं. भेगा पडायला सुरुवात झाली होती.

"अबोलीताई, जाम खाजतंय यार," मांडवात पाटावर बसलेली नवरी म्हणाली. "खाजवलं की आई ओरडते. थोड्या वेळात गाडी निघणार. अशीच पिवळीधमक जाऊ का मुलुंडच्या हॉलवर?"

"येईल पाणी. दोन मिनिटं," अबोली पंपाच्या खोलीतून म्हणाली. मघापासून ती हेच म्हणत होती.

घाटकोपरच्या त्या चार मजली इमारतीची गच्चीवरची टाकी कोरडी पडली होती. कणकवलीहून आलेले पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून जिन्यात उभे होते आणि पंप सुरू होत नव्हता. पूर्वी पंपाला साधं बटण होतं. ते चालू करायला सगळे धावायचे, बंद करायला कोणी जायचं नाही, आणि टाकी वाहायची. सेक्रेटरी विद्याधर काकांनी वैतागून बटणच काढून टाकलं आणि पंप एका छोट्या कॉम्प्युटरला जोडायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या अबोलीला दिलं. ती नोकरीतही असलीच कामं करायची. प्रोग्रॅम तिने लिहिला, मशीनचा मुख्य पासवर्ड मात्र काकांनी स्वतःकडे ठेवला. अबोलीला मशीनच्या आत एक वेगळी खोली मिळाली, म्हणजे प्रयोग करायला बाकी मशीनपासून तोडलेला एक कप्पा. त्या खोलीपुरती सर्वाधिकारी तीच.

काल लग्नघराची सोय म्हणून तिने प्रोग्रॅम सुधारला. टाकी अर्धी झाली की पंप आपोआप सुरू व्हावा, एवढाच बदल. आपल्या खोलीत खोट्या पंपावर चालवून पाहिला, तिथे तो झकास चालला. मग खऱ्या पंपाची जुनी फाइल काढून तिने नवी त्या जागी, खोलीबाहेर ठेवली. आता स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. परवानगी नाही.

"बादल्या सोडूया ना खालच्या टाकीत," नवरीचा बाप राजेश म्हणाला. "झाकण उघडा."

"झाकणावर मांडव हा," त्याची बायको जानकी म्हणाली. "मुहूर्तमेढ रोवलेली आता हलवूची नाय."

"मग बाजूच्या सोसायटीतून आणू."

"आण ना. त्यांचो पाइप कापलेलो कोणी, मी?"

राजेश मांडवाची झालर सरळ करू लागला.

तेवढ्यात चहाचा कप सांभाळत विद्याधर काका आले. मालाडच्या लेकीने त्यांच्यासाठी खोली केव्हाच तयार ठेवली होती. सेक्रेटरीपद अबोलीने घ्यावं म्हणून ते दोन वर्षं दर सभेत विचारत होते, आणि अबोली दर सभेत "बघते" म्हणत होती.

"काय झालंय? मला कळेल असं सांग."

"काका, पंपाला हात लावायचा अधिकार आपण माणसाला देत नाही, फाइलला देतो. फाइलवर तसा शिक्का असतो. जुन्या फाइलवर तुम्ही मारलेला होता. फाइल बदलली की तो राहत नाही, म्हणून नवीनवर मी मारला."

"मग अडलं कुठे?"

"मी माझ्या खोलीतून मारला. मशीनने तेव्हा काही कुरकुर केली नाही, पण कोणत्या खोलीच्या मालकिणीने मारलाय ते शिक्क्यावर गुपचूप लिहून ठेवलं. आता बाहेर मशीनचा मुख्य कारभारी, म्हणजे कर्नेल, ते वाचतो आणि म्हणतो, ही बाई तिच्या खोलीत राणी असेल, इथे कोण?"

"सुनेचा असाच असता," जानकी म्हणाली आणि लेकीकडे पाहून तिने जीभ चावली.

"तुम्ही पासवर्ड टाकून पुन्हा शिक्का मारा. झालं," अबोली काकांना म्हणाली.

काका स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा पुसला, चढवला, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच ठेवली.

"विसरलात का काका?" अबोलीचा आवाज बारीक झाला.

"छे. पाठ आहे मला. पण मी मालाडला गेल्यावर तू परत फाइल बदललीस, तर शिक्का कोण मारणार?"

"काका, ही वेळ आहे का?"

"मग कधी? सभेत तू बघते म्हणतेस. आतल्या शिक्क्याला बाहेर किंमत नाही, हे आत्ता तूच सांगितलंस. मग बाहेर ये ना."

अबोलीने या युक्तिवादात चूक शोधली. तिला सवय होती, चूक असली की सापडायचीच. ही सापडेना. मशीनमधल्या खोलीत सगळं तिच्या शब्दाप्रमाणे चालायचं. बाहेर गळती होती, पार्किंग होतं, राजेश होता.

"तुम्ही अडवून धरताय, काका."

"धरतोय," काका शांतपणे म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यातून कोणीतरी विचारलं, "अहो, संडासाला तरी पाणी आहे का?"

"ताई," ओठ न हलवता श्रुतिका म्हणाली, "मला आता हसताही येत नाहीये. गाल तडकतोय."

"अगो, काय ता एकदा बोल गो बाये," जानकी म्हणाली.

काकांनी कप खाली ठेवला आणि अबोलीकडे पाहिलं. जिन्यातले टॉवेलवालेही पाहू लागले.

"बरं, होते मी सेक्रेटरी," अबोली म्हणाली.