वाफेतली वहिनी

बोरगावात भाऊराव शिंकले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. यंदा मात्र सर्दी घशात उतरली आणि त्यांचा आवाजच बसला. सौंसरच्या डॉक्टरांनी सुई द्यायला साफ नकार दिला. "सर्दीले सुई नसते, भाऊराव. वाफ घ्या, गरम पाणी प्या अन् बोलू नका."

म्हणून त्या दुपारी बायकोची, लीलाबाईंची, फुलाफुलांची चादर डोक्यावरून ओढून, ओवा टाकलेल्या गरम पाण्याच्या गंजावर वाकून ते स्वयंपाकघरात बसले होते. लीलाबाई दळण आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात मागच्या दाराने वामन आला. भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी; पण भाऊरावांच्या फुटलेल्या फवारणीच्या पंपावरून दिवाळीपासून दोघांत बोलणं बंद होतं.

"वहिनी, वाफ घेऊन राहिल्या का?"

'मी आहे' म्हणायला भाऊरावांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते फक्त "हूं."

"बसा, उठू नका. भाऊराव नाही ना घरी?"

आता भाऊरावांना ऐकायचंच होतं. त्यांनी चादर आणखी पुढे ओढली. "ऊंहूं."

"बरं झालं. पंप माह्याच हातून फुटला होता, वहिनी. पण त्यानं चार लोकांपुढं मले खोटारडा म्हटलं. मंग कसा कबूल होऊ?"

भाऊरावांचे कान तापले, आणि ते काही वाफेने नव्हे.

"माणूस हेकट हाय. पण आता शनिवारी जामसांवलीच्या मारुतीले एकटाच जाऊन राहिलो, तं रस्ता सरता सरत नाही." वामनने घसा खाकरला. "त्याले सांगू नका."

भाऊरावांचे डोळे भरून आले. पाठोपाठ नाकही. त्यांनी नाक दाबलं, श्वास रोखला, पण यायचं ते आलंच. बाजूला ठेवलेलं झाकण खणखणत चुलीपर्यंत गेलं.

वामनने झाकण उचलून गंजाशेजारी ठेवलं.

"वहिनी," वामन सावकाश म्हणाला, "भाऊरावची शिंक तुमाले कधी लागली?"

भाऊरावांनी बसलेल्या गळ्यातून जमेल तेवढा बारीक आवाज काढला. "कालपासून."

"जपा मंग. अन् त्याले सांगजा, शनिवारी ऑटो पाहून ठेवतो."

लीलाबाई परतल्या तेव्हा नवरा चादरीत एकटाच हसत होता. सर्दी डोक्यात गेली असं समजून त्यांनी पुन्हा पाणी तापवलं.

शनिवारी दोघं ऑटोत शेजारी बसले. पंपाचं नाव कोणी काढलं नाही.

"वहिनीची सर्दी उतरली का?" वामनने विचारलं.

"तिची उतरली. मले लागली."

वामनने मान डोलावली. वारा लागणार नाही अशी आतली जागा त्यांना दिली आणि कडेला बसून तो स्वतःचंच नाक पुसू लागला.